अळणी गट

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, शेवटच्या शेडमध्ये,
जिथून पुढे नुसता कातळ,
तिथे मी नव्वद दिवस उंदरांची वजनं घेतली.

ऐंशी उंदीर. चार गट.
तीन गटांच्या खाण्यात ती पावडर,
कमी, मध्यम, जास्त.
दिसायला मिठासारखी, पण मिठाहून हलकी.
कंपनीवाले सांगत, चिमूटभर टाका,
नुसत्या पाण्याला कोळंबीच्या कालवणाची चव येईल.
चौथ्या गटाला काहीच नाही. साधा भरडा.
कागदावर त्याचं नाव नियंत्रण गट.
मी आणि साफसफाईची हमिदा म्हणायचो
अळणी गट.

साबणाने तीनदा हात, मग हातमोजे, मग डोक्याला टोपी.
तरी मी दार लोटलं की
पिंजऱ्यापिंजऱ्यातून नाकं वर.
आमचं घर साखरतरला, जवळा वाळवणाऱ्यांचं.
हा वास धुऊन जायला
तो आधी अंगावर असावा लागतो.

त्रेसष्ट नंबरचा खाणं शिल्लक टाकायचा.
रोज अकरा ग्रॅम, बारा ग्रॅम, मी लिहून ठेवायचे.
एक्केचाळिसाव्या दिवशी डब्यातला भाजका जवळा
दोन बोटांच्या चिमटीत धरून
मी तारेतून आत सारला.
त्याने तो दोन्ही हातांत घेतला
आणि खाताना डोळे मिटले.
मग मी दिवा घालवेपर्यंत
तारेला नाक लावून उभा.

दोन रात्री झोप नाही.
तिसऱ्या दिवशी रजिस्टरात निळ्या पेनाने लिहिलं:
पिंजरा त्रेसष्ट, जवळा, अंदाजे अर्धा ग्रॅम,
देणार यशवंती खडपे. खाली सही.

मुळ्ये मॅडमनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाल्या, अगं, पावडरीत आहे
तेच जवळ्यात असतं.
मी विचारलं, मग जवळा कुणी तपासला?
त्या हसल्या नाहीत.
तुम्हीच की, इतकी वर्षं,
फक्त वजनं कुणी लिहिली नाहीत.
आणि लाल शाईने त्रेसष्टवर आडवी रेघ.

नव्वदाव्या दिवशी सगळे गेले.
त्याबद्दल मी घरी काही बोलले नाही.
यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, काट्यावर एकेक.
त्रेसष्टचंही काढलं, कोष्टकात मात्र घेतलं नाही.
छान होतं यकृत. गर्द, कोकमाच्या आगळासारखं.

आता हिशोब.
ज्या मापाने कुणालाच काही झालं नाही
त्याला शंभराने भागायचं.
आधी दहाने, कारण उंदीर आणि माणूस सारखे नसतात.
परत दहाने, कारण माणूस आणि माणूससुद्धा
सारखे नसतात.
मॅडम हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगून गेल्या.
मला मात्र ते दुसरे दहा
साखरतरच्या एसटीत, खिडकीच्या सीटवर,
पुलावर गाडी थांबली तिथे परत आठवले.
त्यांत कोण कोण मावतं?
हमिदा, जिने एक किडनी भावाला दिली.
मिरकरवाड्याच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी,
आठ आठ दिवस पाकिटातल्या शेवयांवर काढणारा.
माझी निमा, सतरा किलो,
जिला पुड्याच्या तळाचा मसाला
बोट ओलं करून चाटायचा असतो.
बोट नेमकं किती ओलं,
ते कुठल्याच रकान्यात नाही.

पावडर पास झाली.
अहवालावर मॅडमची सही, कोपऱ्यात माझीही आद्याक्षरं.
मी खोटं काहीच लिहिलं नाही.
निमाला मात्र अजून म्हणते, पुडा दे इकडे,
का ते सांगत नाही, मलाच नीट सांगता येत नाही.

सुट्टीच्या दिवशी खळ्यात जवळा पसरलेला असतो
जुन्या जाळ्यावर, आणि राखण माझी.
ऊन उतरलं की कुंपणातून उंदीर येतात,
काळे, नंबर नसलेले,
कुणी कधी वजन न केलेले.
मी काठी आपटते.
एखाद्या दिवशी
नाही आपटत.